रणदिव्यांचं पगारपत्रक

हजिऱ्यात बास्केटबॉलचा मोसम वर्षातून एकदाच येतो, आणि तो पहाटे साडेतीनला सुरू होतो. तारीख १ जुलै. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा ३० जूनच्या संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि एनबीएचे संघ करार संपलेल्या खेळाडूंशी उघडपणे घासाघीस करायला मोकळे होतात. इकडे तापीच्या मुखाशी ती नाइट शिफ्टमधली सगळ्यात वाईट वेळ. चहा पिऊनही झोप येते आणि रिटायरमेंटला अजून किती वर्षं राहिली याचा हिशेब आपोआप सुरू होतो. अशात कुणाच्या तरी फोनवर आकडा झळकतो, तो आकडा शेजारच्याला ऐकवला जातो, आणि सकाळी सुटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.

प्रत्यक्ष खेळाशी आमचं काही घेणंदेणं नाही. मैदानात एका बाजूने किती जण खेळतात यावर कॅन्टीनमध्ये मतभेद होते. अखेर पाच हे उत्तर बहुमताने मान्य झालं. बॉल हातात धरून किती पावलं चालायची, हे विचाराल तर आमचे जळगावकर विषय बदलतात. पण झॅक लव्हिन या खेळाडूला २०२५-२६च्या मोसमाचे किती, ते विचारा. पावणेपाच कोटी डॉलर. पाठोपाठ त्याचे रुपये करून मिळतात, रुपयांचे महिन्याला भाग पाडून मिळतात, आणि त्यातून टीडीएस किती कापला जात असेल यावर वेगळी चर्चा होते.

याचं कारण उघड आहे. आमच्याकडे इन्क्रिमेंटची पत्रंही साधारण याच सुमाराला हातात पडतात. ती वाचायला पाच सेकंद लागतात आणि विसरायला पुढचं पत्र येईपर्यंतचा काळ. त्या मधल्या दिवसांत माणसाला दुसऱ्याच्या पगाराचा आधार लागतो. शेजारच्या कंपनीतल्या मेव्हण्याचा पगार नीट कळत नाही, तो खोटं सांगतो. एनबीएतल्या प्रत्येक खेळाडूचा पगार मात्र जगजाहीर असतो, कुठल्या वर्षी किती, शेवटचं वर्ष पक्कं की अर्धवट, इथपर्यंत. नोकरदार माणसाला यापेक्षा रंगतदार खेळ कुठला असणार?

टाउनशिपमध्ये बास्केटबॉलचं कोर्ट आहे. हजिऱ्यातल्या कुठल्याही टाउनशिपमध्ये ते असतंच. प्लॅन काढणाऱ्याने क्लब हाऊस, देऊळ, टेनिस कोर्ट असं लिहिता लिहिता ते आपसूक लिहून टाकलेलं असावं. या कोर्टावर गणपती बसतात, नवरात्रात नऊ रात्री गरबा चालतो, उरलेल्या दिवसांत बायका स्कूटी वळवायला शिकतात. रिंगचा उपयोग लायटिंगची माळ बांधायला होतो. एकदा एका मुलाने खरोखरच त्यात बॉल टाकला, तेव्हा माळ तुटेल म्हणून वॉचमनने त्याला हाकललं.

इथल्या मराठी माणसांबद्दलही दोन शब्द. तापी मुलताईला उगम पावते, खान्देशातून वाहत येते आणि हजिऱ्याला समुद्राला मिळते. खान्देशातला डिप्लोमावाला मुलगाही तेच करतो. फक्त तो सुरत-भुसावळ लाइनने येतो आणि मधे नंदुरबारला चहा पितो. उधना, लिंबायत, डिंडोलीत त्याचे काका-मामा आधीच आलेले असतात. नदीला शेवटी समुद्र मिळतो, याला ठेकेदाराचा गेट पास मिळतो, आणि चारपाच वर्षांत नशीब असेल तर कंपनीचं रोल. अशा माणसांना करार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

तरीही एवढ्या संघांमधून आम्ही सॅक्रामेंटो किंग्ज का निवडला, याचं उत्तर आडनावात आहे. २०१३ साली विवेक रणदिवे यांच्या गटाने हा संघ घेतला. संघाची किंमत धरली गेली ५३ कोटी ४० लाख डॉलर, एनबीएतला तोवरचा विक्रम. संघ सिएटलला हलवायचं जवळजवळ ठरलं होतं, ते यांनी थांबवलं. जन्म मुंबईचा, बालपण जुहूचं, आडनाव रणदिवे! कॅन्टीनमध्ये त्या दिवसापासून किंग्ज ‘आपली’ झाली. सातारकरांनी रणदिवे मूळचे आमच्याच बाजूचे असं जाहीर केलं. नागपूरकरांनी ते खोडून काढलं, पण दुसरी जागा सुचवली नाही. २०१९च्या ऑक्टोबरात किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळायला आले. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा एका गुणाने घेतला, दुसरा २४ गुणांनी. घरच्या लग्नात आपणच हरावं तसा प्रकार.

रणदिव्यांची पूर्वकथा आम्हाला तोंडपाठ आहे. एमआयटीत प्रवेश मिळाला, पण त्या काळात परकीय चलन हाताला लागणं मुश्कील. सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा रिझर्व्ह बँकेत ठाण मांडून बसला, चलन मंजूर करून घेतलं आणि खिशात जेमतेम ५० डॉलर घेऊन अमेरिकेत उतरला, असं ते मुलाखतींत सांगतात. आमच्या ओळखीत ५० डॉलर घेऊन गेलेले आणखीही काही काका आहेत. ते आजही हॉटेलात बिल आलं की आधी बेरीज तपासतात. त्यामुळे हा माणूस संघ चालवायला बसल्यावर पै-पैचा हिशेब ठेवील, अशी आमची भाबडी खात्री होती.

बास्केटबॉलमधला त्यांचा पूर्वानुभव हाही आम्हाला जवळचा वाटतो, कारण तो जवळपास नव्हता. मुलीच्या संघाला शिकवायची वेळ आली तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुली फारशा उंच नव्हत्या की तरबेज नव्हत्या. रणदिव्यांना प्रश्न पडला, गुण केल्यावर आपण मुकाट्याने अर्धं मैदान मागे का येतो? त्यांनी पोरींना सामनाभर पूर्ण मैदानात समोरच्यांच्या अंगावर धावायला लावलं. संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला. माल्कम ग्लॅडवेलने २००९ साली ‘न्यू यॉर्कर’मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे खुद्द एनबीएचा संघ हाती आल्यावर त्यांनी आणखी एक कल्पना सुचवल्याची बातमी आली: बचावाला चौघेच ठेवायचे, पाचव्याने पलीकडच्या बास्केटखाली उभं राहायचं, बॉल आला की टाकायचा. जाणकार हसले. आमच्या शिफ्टमध्ये कुणी हसलं नाही. असा एक माणूस प्रत्येक शिफ्टमध्ये असतोच, काम चालू असताना पलीकडच्या टोकाला उभा. आमच्या माणसाने तर त्या जागेवर प्रमोशनही घेतलं.

आता नियम. एनबीएत संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. १९८४-८५ साली ती संघामागे ३६ लाख डॉलर होती; २०२५-२६ला १५ कोटी ४६ लाख. मर्यादा म्हणजे ओलांडायची नाही, असा आपला समज. तिथे मर्यादा ही ओळख करून घेण्यापुरती असते. स्वतःचा जुना खेळाडू ठेवून घ्यायला ती ओलांडता येते. या सवलतीला लॅरी बर्डचं नाव दिलेलं आहे. माणूस जुना आहे म्हणून त्याला जास्त पगार द्यायची मुभा! ही गोष्ट कळली त्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. वीस वर्षं झालेल्या आणि काल जॉइन झालेल्या माणसाच्या पगारात इथे किती फरक असतो, तो कोणत्या बाजूला असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मर्यादेच्या आणखी वर गेलं की लक्झरी टॅक्स. त्याच्याही वर दोन रेषा आहेत, त्यांना फर्स्ट एप्रन आणि सेकंड एप्रन म्हणतात. स्टील प्लांटच्या गावात एप्रन म्हणजे भट्टीपुढे अंग भाजू नये म्हणून घालायची वस्तू, आणि तिथेही अर्थ फार वेगळा नाही. दुसरा एप्रन, २०२५-२६ला २० कोटी ७८ लाखांचा, ओलांडणाऱ्या संघाचे असे हाल करतात की नुसता दंड परवडला. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून तिसरा मोठा खेळाडू आणता येत नाही, सौद्यात रोख रक्कम घालता येत नाही. म्हणजे पैसे असून बाजारात हिंडायची बंदी. आमच्या सुरती सहकाऱ्याला ही शिक्षा अमानुष वाटली.

पण त्याची खरी समाधी लागली ती डेमियन लिलार्डच्या प्रकरणात. २०२५च्या एप्रिलमध्ये लिलार्डच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. मिलवॉकी बक्सना त्याचे दोन वर्षांचे मिळून अकरा कोटी डॉलरहून जास्त देणं होतं. जुलैत त्यांनी त्याला सोडून दिलं आणि नियमाप्रमाणे ते देणं पाच वर्षांवर पसरवलं, वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी. उरलेली वर्षं गुणिले दोन, अधिक एक, असं त्या हप्त्यांचं सूत्र आहे. बक्सना पगारात मोकळ्या झालेल्या जागेत माइल्स टर्नर बसवायचा होता. इकडे लिलार्ड त्याच्या जुन्या पोर्टलंड संघात परतला, तीन वर्षांचे चार कोटी वीस लाख ठरवून. आणि पहिलं वर्ष तो दुखापतीमुळे खेळणार नाही, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं.

“घेर बेठां पगार?” सुरती सहकारी म्हणाला. “अने बीजे नोकरी पण?”

मी म्हटलं, मेडिकल लीव्हवर, दोन कंपन्यांकडून.

तो उठून बाहेर गेला. खिडकीतून पाहिलं तर बसच्या स्टॉपपाशी उभा राहून तो बोटांवर हिशेब करत होता. आमच्याकडे माणूस सुटायचा म्हणजे आधी त्याची खुर्ची जाते. मग हेल्मेट, सेफ्टी शूज, लॉकरची किल्ली, लायब्ररीचं नो-ड्यूज. आणि लायब्ररी कुठे आहे हे त्याला त्याच दिवशी कळतं. फुल अँड फायनलचा चेक हाती येईपर्यंत तो दुसरीकडे परमनंटही झालेला असतो. त्याच उन्हाळ्यात फीनिक्सच्या ब्रॅडली बीलने सुटताना आपल्या येण्यातले सुमारे एक कोटी ३९ लाख डॉलर सोडून दिले, तर साताऱ्याच्या साहेबांनी त्याला मूर्खात काढलं. त्याला उरलेले ९ कोटी ७० लाख मिळतच राहणार आहेत, हे सांगूनही त्यांचं मत बदललं नाही. हक्काचं सोडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

तर रणदिवे. पहिल्या बारा वर्षांत हंगामी धरून आठ कोच झाले. खेळाडूंचे निर्णय विचाराल तर २०१४पासून सुरुवात करावी लागेल. आयझिया थॉमस नावाचा पोरगा होता, पाच फूट नऊ इंच, नव्या खेळाडूंच्या २०११च्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) सगळ्यात शेवटी म्हणजे साठाव्या क्रमांकावर उचललेला. आमच्या भाषेत अप्रेंटिस. तिसऱ्या मोसमात त्याने सामन्यामागे वीसवर गुण काढले. करार संपला. फीनिक्सने चार वर्षांचे दोन कोटी ७० लाख देऊ केले. किंग्जनी त्याला जाऊ दिलं आणि जागेवर स्वस्तातला दुसरा आणला. पोरगा फिरत फिरत बॉस्टनला गेला आणि २०१६-१७ला सामन्यामागे जवळजवळ २९ गुण काढून बसला. यावर जळगावकर जे म्हणाले ते अहिराणीत होतं आणि छापण्याजोगं नव्हतं. त्यांचा पुतण्या असाच एका ठेकेदाराकडून सुटून जामनगरला गेला होता आणि आता तिथे त्याच्या हाताखाली बारा जण आहेत.

२०१५चा उन्हाळा याहून गमतीचा. मोठे खेळाडू घ्यायला पगारात जागा हवी होती. ती करण्यासाठी किंग्जनी तीन खेळाडू फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्यातला निक स्टाउस्कस तर आदल्याच वर्षी आठव्या क्रमांकावर घेतलेला. हे तिघे घेतल्याबद्दल फिलाडेल्फियाला बक्षीसही दिलं: पुढच्या काळातली पहिल्या फेरीची एक निवड, शिवाय निवडीचा क्रमांक अदलाबदल करून घ्यायचा हक्क. मोकळ्या झालेल्या पैशांत राजॉन रॉन्डो आला, एका वर्षासाठी, ९५ लाख डॉलरला. कोस्टा कूफोस आला, मार्को बेलिनेली आला. ८२ सामन्यांत ३३ विजय मिळाले. वर्ष संपलं, रॉन्डो शिकागोला निघून गेला.

बक्षीस मात्र राहिलं. २०१७ला निवडीच्या सोडतीत किंग्जचा नंबर तिसरा लागला, फिलाडेल्फियाचा पाचवा. फिलाडेल्फियाने हक्क वापरला, अदलाबदल झाली. २०१९ची निवड सरळ गेली, आणि तीही हातोहात फिरत बॉस्टनकडे. रॉन्डोने एक वर्ष भांडी वापरली, हप्ते चार वर्षं चालले. पण गंमत बघा, २०१७च्या त्या पाचव्या नंबरावर किंग्जना डिॲरन फॉक्स मिळाला आणि तो पुढे त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू ठरला. नागपूरकर यावरून दैवावर येतात. सातारकर म्हणतात, दैव वगैरे काही नाही, परचेस डिपार्टमेंटमध्ये नेहमी असंच होतं: चुकीचा माल येतो, तोच बसतो, मग स्पेसिफिकेशन बदलतात. फॉक्सला २०२०मध्ये पाच वर्षांचे १६ कोटी ३० लाख दिले आणि २०२५च्या फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला पाठवलं. त्या सौद्यात आला लव्हिन. तोच, पावणेपाच कोटीवाला. २०१८ला दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅग्ली घेऊन लूका डॉन्चिच तिसऱ्याला सोडला, तो विषय आम्ही काढत नाही. घरात काही विषय न काढायचे असतात.

माइक ब्राउनचं मात्र वाईट वाटतं. २००६नंतर सलग १६ मोसम किंग्ज प्लेऑफला पोचली नव्हती, एनबीएतला नकोसा विक्रम. ब्राउनने २०२३ला ती पोचवली आणि एकमताने वर्षाचा सर्वोत्तम कोच ठरला. २०२४च्या जूनमध्ये त्याचा करार वाढवला, डिसेंबरात त्याला काढलं. ‘कंपनीत आपलं भविष्य उज्ज्वल आहे’ असं पत्र ज्या वर्षी येतं त्या वर्षी घराचं लोन घ्यायचं नाही, हा आमच्यातल्या जुन्या लोकांचा नियम. ब्राउनला तो कुणी सांगितला नसावा.

खेळाडूची अदलाबदल झाली की बिचाऱ्याला रातोरात घर हलवावं लागतं, याची टीव्हीवाले फार हळहळ करतात. हजिऱ्याला त्याचं अप्रूप नाही. इथे उलटं घडलेलं आहे. एस्सार स्टील दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि २०१९च्या डिसेंबरात आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टीलने बँकांना सुमारे ४२ हजार कोटी रुपये देऊन प्लांट घेतला. हजारो माणसं एका संघातून दुसऱ्या संघात गेली आणि कुणाला खुर्चीही हलवावी लागली नाही. तेच गेट, तीच बस, तोच भज्यांचा वार. लग्नपत्रिकेवर मुलाच्या नावाखाली कंपनी कुठली छापायची, एवढाच प्रश्न त्या हिवाळ्यात काही घरांत पडला होता. आणि करारासाठी भांडणं हा तर या किनाऱ्याचा जुना धंदा. इथेच सुवाळीला १६१२ साली इंग्रजांची आणि पोर्तुगीजांची व्यापारावरून आरमारी जुंपली होती. आज तिथे रविवारी लोक मका खातात.

नंदुरबारकर तरुण आहेत, त्यांना हे सगळं परकं वाटतं. कबड्डी बघा म्हणतात, आपल्या मातीतली. गुजरात जायंट्स संघ अदानींचा, बंदर त्यांचं आमच्या शेजारी, म्हणजे घरचाच संघ. त्यांनी २०२५च्या लिलावात इराणच्या शादलुईला २ कोटी २३ लाख रुपयांना घेतलं. आम्ही सहानुभूतीने ऐकून घेतो. रुपये म्हटल्यावर तेवढी मजा येत नाही, कारण तो आकडा कल्पनेत मावतो. पण एक प्रकरण आमच्या यादीत आहे. पवन सेहरावत २०१७ला गुजरातकडे होता, फारसा खेळवला नाही, सोडला. बंगळुरू बुल्सने घेतला. पुढच्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात, जानेवारी २०१९ला, त्याने चढायांत २२ गुण काढून बुल्सला जिंकवलं. समोर कोण होतं? गुजरात. हे सांगितल्यावर जळगावकरांनी त्याच अहिराणी शब्दांचा पुनरुच्चार केला.

लव्हिनच्या करारात एक कलम आहे: शेवटच्या वर्षी ठरलेल्या पगारावर राहायचं की जायचं, हे खेळाडूने ठरवायचं. मालकाने नाही. यावर सातारकरांनी अर्धा तास भाषण केलं. असं कलम प्रत्येक नोकरीत पाहिजे, माणसाने मागायला शिकलं पाहिजे, घाबरायचं काय त्यात, वीस वर्षं घासलीय आपण. नागपूरकरांनी मुद्दे लिहून दिले: मार्केट रेट, सीनियॉरिटी, मागच्या शटडाउनला चार दिवस आधी युनिट सुरू केल्याचा दाखला. मोलभाव कसा करायचा तेही ठरलं. आधी दुप्पट मागायचं, मग गप्प बसायचं. अमेरिकेत एजंट असंच करतात म्हणे. तीन वाजता सातारकरांची अप्रेझलची मीटिंग होती. शर्ट खोचून, कागद खिशात घालून साहेब ॲडमिन बिल्डिंगकडे गेले.

तीन वाजून सात मिनिटांनी परत आले.

“काय झालं?”

“काही नाही. या वर्षी बजेट टाइट आहे म्हणाले. पुढच्या वर्षी बघू.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, चालेल सर.” त्यांनी खिशातला कागद काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने रेघ मारली. “ते सोडा. हा आपल्या किंग्जचा सॅबोनिस बघा, पाच वर्षांचे २१ कोटी ७० लाख. एवढे कशाला द्यायचे? रणदिव्यांनी सरळ तोंडावर सांगायला पाहिजे होतं, परवडत नाही.”